कागदाची फोर्ड की कारखान्याची फोर्ड?

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यापुढे दोन गाड्या होत्या. दोन्ही फोर्ड मॉडेल ए, किंमतही जवळपास सारखीच. जालन्याच्या गाडीचं आरसी बुक चालू, पण बोनेट उघडलं की आत जीपचं इंजिन. परभणीच्या गाडीत मूळ इंजिन, बॉडी धड, रंगही बरा, कागद मात्र एकही नाही. मेहुण्याचा जीव परभणीच्या गाडीवर जडला होता. मी म्हणालो, आधी दोन्हींचे नंबर पाहू, मग बोलू.

विकणारे दोघंही ‘अठ्ठावीसची गाडी’ म्हणत होते. आपल्याकडे जुनी फोर्ड म्हटली की अठ्ठावीसचीच असते. मॉडेल ए १९२७च्या अखेरीपासून १९३१पर्यंत बनली आणि मधेच तिचा चेहरा बदलला. १९२८-२९च्या गाडीची चाकं २१ इंची आणि रेडिएटरचं कवच बुटकं, निकेल चढवलेलं. १९३०-३१ला चाकं १९ इंची झाली, कवच उंच आणि स्टेनलेस स्टीलचं. परभणीची गाडी या हिशेबाने सरळ १९३०-३१ची निघाली. जालन्याच्या गाडीला जीपची चाकं बसवलेली, म्हणजे चाकांवरून काहीच कळेना, पण रेडिएटरचं कवच बुटकं होतं आणि रंगाखाली निकेल दिसत होतं. अठ्ठावीस नाही तर एकोणतीस, पण ही गाडी खरंच आधीची.

कवच बदलता येतं, म्हणून खरी साक्ष चासीची, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीची. मॉडेल एला पुढे एक आणि मागे एक असे स्प्रिंगचे पाटे आडवे असतात, चाकापासून चाकापर्यंत. ते लांबीच्या दिशेने बसवलेले दिसले तर चासीला कुणीतरी हात लावलाय असं धरून चाला. इंजिनचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला सपाट जागेवर ठोकलेला असतो. तोच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या अंगालाही असतो, पण तो बॉडीखाली दडलेला. बोल्ट सैल करून बॉडी पुढून थोडी उचलल्याशिवाय दिसत नाही. यासाठी अर्धा दिवस आणि एक समजूतदार मेस्त्री लागतो. जो मालक उचलू देत नाही त्याच्याशी व्यवहार करू नका.

अजून एक. भारतात उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या बऱ्याच फोर्ड कॅनडाच्या कारखान्यातून आल्या आणि त्यांच्या नंबराआधी ‘सीए’ असतं. अमेरिकन नंबरांचा महिनावार तक्ता लावून त्यांचं वर्ष काढलं तर चुकतं. आरसीवर चुकीचं वर्ष असण्याचं हेही एक कारण असू शकतं.

जालन्याच्या गाडीची बॉडी उचलली, वायर ब्रश मारला, ठोकलेले आकडे उठून दिसावेत म्हणून खडू फिरवला, आणि आरसीवरचा चासी नंबर अक्षर न् अक्षर जुळला. इंजिनचा नंबर जीपचा होता. तोही आरसीवर आरटीओ कार्यालयाने फार पूर्वी चढवलेला.

जीपचं इंजिन का बसवलं, हेही समजून घ्या, म्हणजे त्या जुन्या मालकाला नावं ठेवणार नाही. मॉडेल एचं इंजिन ३.३ लिटरचं, ४० अश्वशक्तीचं. त्याची बेअरिंगं आजच्यासारखी डब्यातून काढून बसवायची नाहीत, बॅबिट हा मऊ मिश्रधातू वितळवून जागेवर ओतायचा आणि मग खरवडून माप आणायचं. हे काम येणारा कारागीर गेला की गाडी उभी राहते. जीपचे सुटे भाग मात्र तालुक्याच्या गावीही मिळायचे. गाडी भंगारात जाऊ नये म्हणूनच त्याने ते केलं असणार. ज्या जालन्यात लोखंड वितळवायच्या भट्ट्या आहेत तिथे ही चासी वाचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता नोंदणी. केंद्राने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवली तर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. अर्ज फॉर्म २०वर, सोबत विमा, आणि त्यापुढे खरी मेख आहे: गाडी आयात केलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी.

परभणीची गाडी या दोन दारांच्या मधे अडकते. १९३०-३१ला बोटीतून उतरलेल्या गाडीचं बिल ऑफ एंट्री कुणाच्या घरी असणार? आणि आरसी हरवलेलं. डुप्लिकेट काढायचं तर आधी ती कोणत्या कार्यालयात नोंदली होती ते कळायला हवं. आपल्या मराठवाड्यात हे इतर भागांपेक्षा अवघड आहे. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, दफ्तर उर्दूत. मग हैदराबाद राज्य, १९५६ला मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. एकाच गाडीची नोंद तीन राज्यांच्या कागदांतून फिरलेली असू शकते. त्यात चोरीची गाडी नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर.

म्हणून मी मेहुण्याला जालन्याची गाडी घ्यायला सांगितलं. मॉडेल ए जगात लाखोंनी बनली, तिचं इंजिन आणि सुटे भाग आजही मिळतात. हरवलेला कागद कुठल्याच दुकानात मिळत नाही. हीच तुलना कमी बनलेल्या एखाद्या इंग्लिश गाडीची असती तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, कारण तिथे इंजिन शोधण्यातच वर्षं जातात. आणि जालन्याच्या गाडीची मागची बॉडी कापून कुणी तिचा मालवाहू टेम्पो केला असता, तर आरसी असूनही मी नकोच म्हणालो असतो. कापलेला पत्रा विंटेजच्या व्याख्येत परत बसवणं फार कठीण.

जालन्याच्या गाडीपुढे आता दोन वाटा आहेत. जीपचं इंजिन ठेवून साधं आरसी दर पाच वर्षांनी वाढवत राहायचं, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी मनासारखी चालवायची. किंवा मॉडेल एचं इंजिन बसवून, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कार्यालयाची आधी परवानगी घेऊन, विंटेजसाठी अर्ज करायचा. परवानगीआधी इंजिन उतरवू नका. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट सांगितलंय. आपण मूळ तपशिलाकडेच परत चाललोय, हे अर्जात ठळक लिहा.

विंटेज नोंदणी घेतली की गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथवर जाणं-येणं, इंधन, दुरुस्ती एवढंच. भाड्याने देणं तर नाहीच. आपल्याकडे अशी गाडी दिसली की पहिला फोन वरातीसाठी येतो. नवरदेव बसवून पैसे घ्यायचे असतील तर विंटेजचा विचार सोडा. मेहुण्याला १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनात गाडी उभी करायची आहे, म्हणून तो दुसऱ्या वाटेने निघालाय.

परभणीच्या मालकाला मी एवढंच सांगून आलो की माळ्यावरची पेटी उघडा. कराची पावती, विम्याचा कागद, गाडीचा नंबर दिसणारा लग्नातला फोटो, काहीही चालेल. नंबर आणि कार्यालय एवढं जरी त्यातून कळलं, तरी मी बॉडी उचलायचा जॅक घेऊन पुन्हा परभणीला जाणार आहे.