सॉनी रॉलिन्सची 'द ब्रिज' एलपी: रेकॉर्ड एक नंबर, पाठवणाऱ्यांना मात्र आमचं ऊन माहीत नाही

आधीच सांगून टाकतो, जाझमधलं मला फार कळतं असं काही नाही. पण आमचे आप्पा तीसेक सीझन बँडमध्ये सॅक्स वाजवत होते, अमळनेर, पारोळा, चोपडा, कधी कधी पार शिरपूरपर्यंत, लग्नसराईत एका दिवसात दोन दोन वराती, त्यामुळे पलंगाखाली सॅक्सची पेटी हे आमच्या घरातलं नेहमीचं चित्र. सॅक्स म्हणजे नवरदेव घोड्यावर आणि पुढे नाचणारी पोरं, एवढंच मला माहीत. मग दोन वर्षांपूर्वी एका मित्राने सॉनी रॉलिन्स, म्हणजे अमेरिकेतला जाझ सॅक्सवाला, ऐकवला आणि माझं डोकंच फिरलं भो. तेव्हापासून ही रेकॉर्ड घ्यायची होती. मोबाईलवर ऐकता येतेच, पण मला हातात धरायची होती.

तर एप्रिलच्या शेवटी ऑनलाइन मागवली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण शेवटी त्यांनी बदलून दिली. इम्पोर्टेड रीइश्यू, म्हणजे जुनीच रेकॉर्ड नव्याने छापलेली, 180 ग्रॅमची, कुरिअर धरून तीन हजाराच्या थोडी वर गेली. महाग आहे, मान्य. पार्सल आलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात, जळगावात तेव्हा 44 चालू होतं, आणि कुरिअरवाल्याचा टेम्पो दुपारी दीड वाजता आमच्या गल्लीत. खोका हातात घेतला तर तव्यावरून उतरवल्यासारखा गरम! पातळ पुठ्ठा, आत बबलचा एक पदर, बस. रेकॉर्ड बाहेर काढली आणि एका बाजूची कड अशी वर आलेली, गच्चीवर वाळत टाकलेली बिबडी दुपारी कशी कडेने उचलली जाते ना, अगदी तशी.

तरी लावून पाहिली. सुई पहिल्या ट्रॅकवर होडीसारखी वर-खाली, वर-खाली, आणि लांब सूर आला की तो सूर डुलतोय, म्हणजे रॉलिन्सने दोन वर्षं घासून सरळ केलेला सूर आमच्या टेम्पोवाल्याने एका दुपारीत वाकडा केला. दुकानाला मेल केला तर म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे तुमच्या प्लेअरचा प्रॉब्लेम असेल. मग मी कपाटाचा आरसा काढून आडवा ठेवला, त्यावर रेकॉर्ड ठेवली आणि वर आलेल्या कडेखालून रुपयाचं नाणं आरपार सरकवून दाखवलं, तेव्हा कुठे गप्प झाले. आप्पा म्हणत होते दोन काचांच्या मध्ये घालून वर गव्हाचं पोतं ठेव. पण म्हटलं नको, एकदा आपण हात लावला की परत घेणार नाहीत. दुसरी कॉपी यायला जून संपत आला, एक पाऊसही पडून गेला होता. ह्यावेळी खोका जाड, रेकॉर्ड सपाट, आवाज स्वच्छ, दोन ट्रॅकच्या मधल्या शांततेत कचकच नाही. आतलं कव्हर मात्र साध्या कागदाचंच आहे, तेवढं आपलं आपण प्लास्टिकचं घ्या.

आता मूळ मुद्दा. ह्या रेकॉर्डचं नाव 'द ब्रिज' का, ते माहीत असल्याशिवाय ऐकली तर अर्धी मजा जाते.

रॉलिन्स 1930 चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. वाद्य टेनर सॅक्स. आप्पांचा आल्टो, टेनर त्याच्यापेक्षा मोठा आणि खर्जातला. विशीतच माईल्स डेव्हिस, थेलोनियस मंक असल्या जाझमधल्या मोठ्या लोकांबरोबर वाजवायला लागला. मध्ये हेरॉइनच्या नादाला लागला, जेलमध्ये गेला, 1955 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सरकारी इस्पितळात राहून त्यातून बाहेर आला. आणि लगेच 1956 मध्ये 'सॅक्सोफोन कोलोसस' ही रेकॉर्ड केली, जिच्यावर लोक आजही बोलतात. 1957 मध्ये तर पियानो काढूनच टाकला, नुसतं बेस आणि ड्रम बरोबर घेऊन वाजवलं. म्हणजे 1959 च्या उन्हाळ्यात हा माणूस टॉपवर होता, वय 28, मागेल तिथे कार्यक्रम.

आणि ह्याने वाजवणं बंद केलं. का, तर स्वतःचं वाजवणं स्वतःला पटेना. नाव जेवढं झालंय तेवढं आपल्याला येत नाही, असं त्याला वाटायला लागलं. आपल्याकडे असं कोणी करेल का, सीझनच्या ऐन भरात सुपाऱ्या परत करायच्या?

घर होतं मॅनहॅटनमध्ये ग्रँड स्ट्रीटला, शेजारी एक बाई गरोदर, हिला त्रास नको म्हणून रियाज घरात करायचा नाही. मग जवळच विल्यम्सबर्ग ब्रिज आहे, ईस्ट रिव्हरवर, 1903 चा, चांगला दोन किलोमीटरच्या वर लांब, त्याच्यावरून गाड्या जातात, मेट्रो जाते, खालून बोटी जातात, तिथे चालायच्या वाटेवर हा उभा राहून वाजवायचा. दिवसाचे पंधरा पंधरा तास, थंडीतसुद्धा. दोन वर्षं! भुसावळजवळ तापीच्या पुलावरून मालगाडी जाताना बाजूला उभं राहून बोलून बघा, स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, त्यात ह्याला फुंकायचं होतं. 1961 च्या नोव्हेंबरमध्ये परत स्टेजवर आला आणि 1962 च्या सुरुवातीला ही रेकॉर्ड केली. गिटारवर जिम हॉल, बेसवर बॉब क्रॅनशॉ, ड्रमवर बेन रायली, एका ट्रॅकला दुसरा ड्रमर. पियानो इथेही नाही.

आता गंमत अशी की तेव्हा बऱ्याच लोकांची निराशा झाली होती. मधल्या काळात ऑर्नेट कोलमनने न्यूयॉर्कमध्ये येऊन धुमाकूळ घातलेला, कोल्ट्रेन कुठल्या कुठे पोचलेला, दोघेही सॅक्सवालेच, लोकांना वाटलं हा पुलावरून खाली उतरेल तो काहीतरी न ऐकलेलं घेऊन उतरेल. आणि ह्याने काय केलं, तर जुनीच गाणी बरीचशी, जुनीच पद्धत. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढी दोन वर्षं घासून हेच?

पण मग एका दुपारी आप्पा बाजूला येऊन बसले. मी काही सांगितलं नव्हतं, कोण आहे, काय आहे. दुसऱ्या बाजूचा पहिला ट्रॅक, रेकॉर्डच्या नावाचाच, प्रचंड फास्ट आहे, मध्येच लय बदलते आणि परत पळायला लागते. आप्पा डोळे मिटून ऐकत होते, बोटं मांडीवर चाललेली, आणि मध्येच म्हणाले, "हाऊ दम कोठे ली ऱ्हायना रे?" मी म्हटलं काय झालं. तर म्हणे वरातीत तास-दीड तास झाला की आम्ही सुरांच्या मध्ये चोरून दम घ्यायचो, ते ऐकणाऱ्याला कळतं, सुराची शेपटी तुटते, हा कुठेच तोडत नाहीये. मग पुढचा संथ ट्रॅक लागला, त्यात एकेक सूर सोडून देतो आणि थांबतो, तेव्हा म्हणाले, "याले घाईच नई शे."

बस, माझ्यासाठी परीक्षण तिथेच झालं. तो पुलावरून नवीन गाणं घेऊन आला नव्हता, दम घेऊन आला होता. हे कळल्यावर परत ऐका. कुठे वाजवायचं नाही हे त्याला जास्त कळलंय. आणि जिम हॉलची गिटार मागे एवढी कमी वाजते की विचारू नका, आमच्या बँडमधला कॅसिओवाला एक सेकंद रिकामा सोडत नाही, इथे रिकामी जागाच भारी वाटते. आप्पांनी नंतर पेटी काढली पलंगाखालून. पॅड कडक झालेले, एक चावी चिकटून बसलेली, खालचे सूर निघेनातच. त्यावर वेगळं लिहीन, दुरुस्तीवाला सापडला तर.

पुढचंही सांगतो थोडक्यात. 1960 च्या दशकाच्या शेवटी रॉलिन्स भारतात आला आणि पवईच्या आश्रमात राहिला, चिन्मयानंदांच्या. पवईला! आपण रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो तिथे. नंतर परत एकदा बंद केलं, परत सुरू केलं. 2001 मध्ये न्यूयॉर्कचे ते जुळे टॉवर पडले तेव्हा तो जवळच राहत होता, घर सोडताना सॅक्स घेऊन निघाला, आणि चारच दिवसांनी बोस्टनमध्ये कार्यक्रम केला. त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगवर ग्रॅमी मिळालं. शेवटी फुप्फुसांच्या आजाराने वाजवणं थांबलं, 2012 नंतर स्टेज नाही. ज्याच्या दमाचं आप्पांनी कौतुक केलं त्याचा दमच गेला, हे मी अजून आप्पांना सांगितलेलं नाही.

घ्यायची का? सॅक्स नवीनच ऐकत असाल तर आधी 'कोलोसस' घ्या, ती लगेच आवडते, पहिल्याच ट्रॅकला पाय हलतो. ही दुसरी घ्या. साधारण चाळीस मिनिटांची आहे, दोन्ही बाजू एका बैठकीत होतात. साध्या सुटकेसवाल्या प्लेअरवर खर्जातलं निम्मं जातं, थोडे बरे स्पीकर जोडा. रेकॉर्डला पाचपैकी पाच, दुकानाला तीन, आणि त्यातला एक आरशाच्या व्हिडिओनंतर मुकाट्याने बदलून दिली म्हणून.

आणि मार्च ते पावसाळा, खानदेशात राहत असाल तर मागवू नकाच, मागवलीच तर सकाळी डिलिव्हरी द्या म्हणून आधी फोन करा. आप्पा परवापासून एकच विचारतायत, "त्याले पुलवर वाजू कोन देत व्हतं?" मी म्हटलं तिकडे कोणी हटकलं नाही. आता रोज संध्याकाळी गिरणेच्या पुलाचं नाव काढतात.