रास्पबेरी पाय ५ चा २७ वॅटचा ॲडॉप्टर: दोन डिस्क चालतात का?

रास्पबेरी पाय ५ (एका लहान बोर्डावर मावणारा संगणक, पुढे नुसता 'पाय') घेताना मेमरी ४ जीबी घ्यावी की ८ जीबी, यावर आपण दिवसच्या दिवस खल करतो आणि ॲडॉप्टरचा विषय निघाला की 'घरात टाइप-सी चार्जर आहेच' असे म्हणून मोकळे होतो. मीही तेच केले. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला, बोर्ड विनातक्रार सुरू झाला आणि पाठोपाठ पडद्यावर सूचना आली की हा चार्जर ५ अँपिअर देऊ शकत नसल्यामुळे यूएसबी उपकरणांना मर्यादित वीज मिळेल. ६५ वॅटचा चार्जर २७ वॅटच्या कामाला अपुरा पडावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु लॅपटॉपचा चार्जर आपले ६५ वॅट २० व्होल्टवर देतो आणि ५ व्होल्टवर बहुधा ३ अँपिअरच्या पुढे जात नाही, म्हणजे पायच्या वाट्याला जेमतेम १५ वॅट येतात. पाय ५ ला ५ व्होल्टच लागतात आणि त्याहून वरचा दाब तो मागतही नाही. म्हणून ॲडॉप्टरवर छापलेले वॅट न पाहता ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत, तेवढेच पाहावे.

या बोर्डासोबत बाजारात आलेला कंपनीचा अधिकृत ॲडॉप्टर ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देतो. त्याची जाहीर किंमत १२ डॉलर होती. हा पुरवठा ओळखल्यावर बोर्ड चारही यूएसबी पोर्टना मिळून १.६ अँपिअर देतो. ३ अँपिअरचा चार्जर असेल, तर हाच आकडा ६०० मिलिअँपिअरवर येतो. 'चारही मिळून' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण प्रत्येक पोर्टला एवढा प्रवाह मिळतो असा अनेकांचा समज असतो.

माझ्याकडे फिरत्या तबकड्यांची अडीच इंची हार्ड डिस्क, एक एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क), झिगबीचा डोंगल (स्मार्ट उपकरणांशी बिनतारी संपर्क साधणारा) आणि वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर एवढा संसार आहे. अडीच इंची हार्ड डिस्क तबकडी फिरवण्याच्या पहिल्या काही क्षणांत १ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते आणि मग बरीच खाली येते. त्यामुळे जुन्या चार्जरवर ती टकटक आवाज करून गायब होत असे. अधिकृत ॲडॉप्टर लावल्यापासून हार्ड डिस्क आणि दोन्ही लहान उपकरणे महिनाभर एकदाही तुटलेली नाहीत. एसएसडीही जोडून दोन्हींमध्ये छायाचित्रांची मोठी नक्कल सुरू केली तेव्हा मात्र एक डिस्क मध्येच निसटली. यात ॲडॉप्टरचा दोष नाही, १.६ अँपिअरचे गणितच तिथे संपते. दोन डिस्क हव्या असतील, तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा, किंवा बोर्डाच्या पीसीआयई जोडणीवर (यूएसबीहून वेगळी, वेगवान जोडणी) तिच्यासाठीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसवावी, कारण तिचा भार यूएसबीच्या वाट्यात धरला जात नाही.

हब घेतानाही सावध राहावे. मी आणलेला पहिला स्वस्त हब आपली वीज उलट्या दिशेने बोर्डातच ढकलत होता. पायचा ॲडॉप्टर काढून घेतला तरी बोर्डावरचा दिवा विझेना. ही चाचणी घरी दोन मिनिटांत होते, आणि दिवा पेटलेला राहिला तर हब परत करणेच श्रेयस्कर.

अधिकृत ॲडॉप्टरची तार सुटी होत नाही आणि ती १.२ मीटरचीच आहे. टीव्हीमागे बोर्ड लावणाऱ्यांना ही अडचण वाटेल, मलाही वाटली. पण ५ अँपिअर प्रवाह वाहत असताना तारेचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो, ५.१ चे ४.६ होतात आणि बोर्ड ४.६३ व्होल्टच्या खाली कमी दाबाची तक्रार करू लागतो. हे ध्यानात घेतले की आखूड, जाड आणि पक्की जोडलेली तार हा कंजूसपणा वाटत नाही.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून कमी क्षमतेच्या चार्जरवरही १.६ अँपिअरची मर्यादा खुली करता येते. ती सोय ज्याचा पुरवठा खरोखर ५ अँपिअरचा आहे, पण ज्याला बोर्डाशी तशी बोलणी करता येत नाहीत, अशांसाठी आहे. फोनच्या चार्जरवर तिचा वापर केल्यास डिस्कवर लिहिणे चालू असताना बोर्डच बंद पडण्याचा धोका राहतो. जीपीआयओवरच्या (बाहेरची उपकरणे थेट तारांनी जोडण्यासाठी बोर्डावर असलेल्या पिनांच्या रांगेतल्या) ५ व्होल्टच्या पिनांना यूएसबीची मर्यादा लागू नाही, तरीही सर्व्हो मोटरला वेगळा पुरवठा द्यावा आणि फक्त ग्राउंड एकत्र जोडावा. पाय ४ वापरणाऱ्यांनी या ॲडॉप्टरवर पैसे खर्च करू नयेत. त्या बोर्डाची यूएसबी मर्यादा १.२ अँपिअर आहे आणि ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर त्याला पुरतो.

एक उणीव मात्र खटकते. नेहमीच्या पॉवर बँका ५ व्होल्टला ३ अँपिअरपलीकडे जात नाहीत, त्यामुळे लोडशेडिंगच्या वेळी त्यांच्यावर पाय ५ चालतो, पण हार्ड डिस्क चालत नाही. मी आता पाय आणि हब असे दोन्ही ॲडॉप्टर इन्व्हर्टरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले आहेत, कारण हबची वीज गेली आणि पाय चालू राहिला, तर लिहिणे अर्धवट असतानाच डिस्क नाहीशी होते.