कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला पत्रेकामाचा गाळा आणि आमची २००९ ची कॅम्पर: ठेवली, बदलली नाही

आधी निकाल सांगते. गाडी ठेवली. आणि ते ज्या गाळ्यात ठरलं त्या गाळ्याबद्दल हे लिहितेय, कारण गेलं वर्षभर आमच्याकडं रात्री जेवताना रोज हाच विषय, ठेवायची का बदलायची, आणि त्या वर्षात कुणी मला एवढंच सांगितलं असतं की आधी फ्लोअर उचलून बघा मग बोला, तर माझी कितीतरी झोप वाचली असती. गाळ्याचं नाव लिहीत नाही, मिस्त्रीच नको म्हणाले, आधीच चार गाड्या रांगेत आहेत त्यांच्याकडं.

गाडी म्हणजे डिझेलची टेंपो ट्रॅव्हलर, एमएच ०९ पासिंग. २०१३ ला सेकंडहँड घेतली, सीटा काढल्या, दोन बेड, छोटा ओटा, सिंक, ९० लिटरची पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते असं. हौस म्हणून नाही केलं हे. माझ्या सासूबाई, आम्ही आत्ती म्हणतो, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. ही सोय नव्हती तेव्हा आम्ही पंढरपूरला निघालो की आत्ती सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. चहा पण नको. का, तर वाटेत जायचं कुठं, आणि जिथं सोय आहे तिथं भारतीय पद्धतीचं, खाली बसता येत नाही, उठता येत नाही, ओलं, कडी नाही. मे महिन्यात सांगोल्याच्या रस्त्याला त्यांचे सुकलेले ओठ मी बघितलेत. त्यामुळं या गाडीत सगळ्यात महाग वस्तू कुठली तर ते टॉयलेट, आणि माझ्या लेखी आजही सगळ्यात मोलाची तीच.

आता खराबी कुठनं आली ते सांगते. आम्ही नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा गाडी दारातच होती, आम्ही माणसं आणि आत्तींची खुर्ची हलवायच्या नादात, गाडीकडं कुणाचं लक्ष? पाणी पायरीच्या वर चढलं आणि तीन दिवस तसंच राहिलं. इंजिनपर्यंत गेलं नाही म्हणून आम्ही सुटलो म्हटलं, वरून धुतली, उन्हात वाळवली, विषय संपला असं वाटलं. २०२१ ला शहाणे झालेलो, राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आली की लगेच गाडी वर काढली, ४३ च्या धोका पातळीची वाट बघितली नाही. पण पहिल्या पुराचा गाळ आत बसलेला तो बसलेलाच. गाडीखाली जे पोकळ चौकोनी रनर असतात त्यांना पाणी निथळायला भोकं असतात, ती गाळानं बुजली की आत ओल राहते आणि पत्रा आतून खात जातो, बाहेरून रंग अगदी ठणठणीत दिसतो. वर आम्ही दर दिवाळीनंतर मालवण, देवगड करणार, समुद्राची खारी हवा.

२०२४ ला गाडीला १५ वर्षं झाली. तेव्हापासून जो भेटेल तो सांगायचा आता स्क्रॅप करावी लागते. लागत नाही ओ. १५ वर्षांचा सक्तीचा नियम सरकारी गाड्यांना आहे, आपल्या खासगी गाडीला फिटनेसमध्ये पास झाली की ५ वर्षांसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन मिळतं. फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, आणि हलक्या गाडीची ५,००० फी. आम्ही रीतसर केलं, २०२९ पर्यंत कागद आहे. हां, वीस वर्षांच्या वर गेलेल्या गाडीची फी २०२५ मध्ये १०,००० केलीय, ते पुढच्या वेळी धरायला लागेल.

कागदाचा अजून एक मुद्दा, जो मला कुणी सांगितला नव्हता. आमच्या आरसीवर बदल २०१३ लाच चढवून घेतलाय. आज नवी गाडी घेऊन कुणाकडूनही आत बेड-ओटा बसवला आणि झालं असं होत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या गाडीत परस्पर बदल चालत नाही, आणि कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाडीसाठी, एआयएस १२४ म्हणून वेगळं मानक आहे, त्याची मंजुरी असलेल्याकडूनच बांधून घ्यायला लागते. म्हणून नवी महाग पडते. आम्हाला गाडी आणि आतलं काम धरून २८ लाखांचं कोटेशन आलं. हायवेवरच्या एका जुन्या गाड्यावाल्यानं आमची १ लाख ६० हजारला मागितली, आत डोकावला पण नाही, टायर बघितले आणि आकडा सांगितला. टॉयलेटला तो कपाट समजला. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

मी वहीत हिशोब मांडला. वर्षाला आम्ही साधारण ४० रात्री गाडीत काढतो. नवी घेतली तर जुनीचे पैसे वजा जाता वरचे २६ लाख ४० हजार, दहा वर्षांत ४०० रात्री, म्हणजे रात्रीला ६,६०० रुपये, व्याज, डिझेल, विमा सोडून. एवढ्या पैशात चांगल्या हॉटेलात तळमजल्याची खोली मिळते. पण सांगोल्याच्या रस्त्यावर हॉटेल काय करायचंय?

तर गाळा. आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलेली, तिथं म्हणाले वरून पट्ट्या मारतो, रबर कोटिंग फासतो, १५ हजार, परवा घेऊन जावा. मी जवळजवळ हो म्हणालेले. मग भावानं या मिस्त्रींकडं पाठवलं. त्यांनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, "ताई, आतलं विनायल काढू द्या, मग बोलू. न बघता सांगितलं तर मी तरी खोटा पडीन न्हाईतर तुमी तरी."

ओट्यापुढचं विनायल सोललं. खालचा प्लाय फुगून पदर सुटलेला, हातानं भाकरीसारखा मोडला. त्याखाली पत्रा. मिस्त्री गुडघ्यावर बसले, हातात छोटी हातोडी, आणि वीत वीत अंतरावर ठोकत गेले. टण, टण, टण, आणि मग एकदम धप. तिथं खडूनं गोल. पुन्हा टण, टण, धप, गोल. मग गोलात स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तो आरपार गेला आणि भोकातून खालची जमीन दिसली. मी बघतच राहिले. सहा वर्षं आत्ती त्याच जागेवर पाय ठेवून उतरत होत्या. मग ते खाली शिरले, दोन्ही रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकले, मी बाहेर उभी राहून आवाज मोजत होते. उजवा पूर्ण टण. डावा मागच्या चाकापाशी दीड फूट धप. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "गाडी जित्ती हाय. दोनी रनर गेलं असतं तर मीच तुमाला इका म्हटलं असतं."

माझ्या मते कॅम्पर ठेवायची का बदलायची हा सगळा प्रश्न या एका ठोकण्यात आहे. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स होतो, पण खालचा सांगाडा दोन्हीकडून गेला की त्यावर केलेला प्रत्येक रुपया पाण्यात. आम्ही वर्षभर इंजिनचं, मायलेजचं, रंगाचं बोलत होतो, खाली कुणी बघितलंच नाही.

कामाची पद्धत मला फार आवडली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या, डिझेलची टाकी उतरवली, माझा गॅसचा सिलिंडर स्वतः उचलून गाळ्याबाहेर सावलीत नेऊन ठेवला. सडका पत्रा पूर्ण कापून काढला, वर पट्टी मारली नाही, कारण पट्टीच्या आत ओल कोंडली की गंज जास्त वेगानं खातो. १८ गेजचा सीआरसी, म्हणजे गाडीच्या बॉडीला वापरतात तो पोलादी पत्रा, सीओटू गॅसचं वेल्डिंग, जोडांना झिंक प्रायमर, रनरची भोकं तारेनं मोकळी करून आत प्रेशरनं पाणी मारलं, तर २०१९ चा गाळ निघाला, करडा, अगदी नदीच्या वासाचा. मग आठ दिवस उघडीच वाळायला ठेवली. घाई केली नाही हे महत्त्वाचं. ओट्याखालची गॅससाठीची झरोका-जाळी नव्या फ्लोअरमध्ये विसरली जाणार होती, मी सांगितल्यावर लगेच कापून दिली. ती खालीच लागते, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो.

आणि कोल्हापुरात राहायचा फायदा इथं कळतो. मागच्या दाराच्या बिजागरीची पिन झिजून दार खाली बसलेलं, तो पार्ट कुठंच मिळेना. मिस्त्रींनी जुनी पिन पोराच्या हातात दिली, तो पलीकडच्या लेथवाल्याकडं गेला, अर्ध्या तासात दोन नव्या पिना आणि पितळी बुश घेऊन आला, ३५० रुपये. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीवर उभं राहिलेलं गाव आहे हे, इथं जुनी गाडी सांभाळायची ताकद दुसऱ्या गावापेक्षा जास्त आहे.

बिल: पत्रा आणि वेल्डिंग ४२,०००, मरीन प्लाय आणि विनायल १९,०००, रंग ३४,०००, पिना-रबर-किरकोळ ६,५००. एकूण १,०१,५००. तोंडी ९० पर्यंत सांगितलेलं, वाढलं तेव्हा आधी फोन करून विचारलं. तीन वर्षं जरी नीट चालली तरी रात्रीला साडेआठशेच्या आत बसतं.

नावडलेलं पण लिहायलाच पाहिजे. १० दिवस सांगून १९ लावले. रंग मला पटला नाही, डाव्या बाजूला उन्हात उभं राहिलं की शेड वेगळी दिसते, ते रंगाचं काम दुसऱ्याला देतात आणि त्यावर मिस्त्रींचं लक्ष नसतं. आणि ग्राइंडिंगच्या वेळी आतलं कपाट झाकलं नाही, लोखंडी धूळ दोन दिवस पुसत होते, ओला फडका मारला की तांबडे ठिपके. नेणाऱ्यानं गाद्या, पडदे, फ्रीज आधीच घरी काढून ठेवा. पत्र्याच्या कामाला ५ पैकी ५, रंगाला ३, वेळेला २.

ठेवायच्या विरोधातला खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला अजून टोचतो. या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय नाही. मागं बसणाऱ्याला कमरेचाच पट्टा होता, तो काढून आत्तींच्या सीटला तीन टोकांचा बसवून घेतला, त्याचा अँकर नव्या पत्र्याखाली जाड प्लेट घालून थेट क्रॉस मेंबरला, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या दांड्याला. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलते, ते हवेतली ओल पितं आणि घाटात तापलं की ब्रेक मऊ पडतात. चार टायर बदलले कारण कडेचा चार आकडी कोड बघितला तर २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, नक्षी चांगली पण रबर तडकलेलं. मी स्वतः चालवते, ७० च्या वर नेत नाही, रात्री घाट उतरत नाही. आणि इंजिन बीएस २ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळातलं आहे, धूर कमी राहावा म्हणून डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, पण नव्या गाडीइतकी ती स्वच्छ होणार नाही हे मला माहितीय. फक्त आत्तींसाठी नसतं आणि आम्ही दोघंच असतो, तर कदाचित मी विकून मोकळी झाले असते.

आतल्या सोयींसाठीच्या बॅटरीचं थोडक्यात: १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) जुनी लेड ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून लिथियम फेरो फॉस्फेट घेतली, तेवढ्याच आकड्यात जवळजवळ दुप्पट वापरता येते. पण इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर ती थेट जोडू नका, मध्ये चार्जिंग आवरणारा डीसी टू डीसी चार्जर घाला.

काम झाल्यावर पहिली फेरी गगनबावड्याची. कळे गावाच्या पुढं आत्तींनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि पाण्याची बाटली मागितली, अर्धी संपवली, मग म्हणाल्या थर्मासमधला चहा पण दे.

मिस्त्रींनी नव्या फ्लोअरला स्क्रूची दोन झाकणं ठेवलीत, एक पायरीपाशी, एक डाव्या रनरच्या वर, म्हणजे विनायल न फाडता बघता येतं. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी गाडी आणून दाखवा असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय, त्याचे पैसे घेणार नाहीत. झाकण उघडल्यावर आत काय दिसतं ते या रिव्ह्यूत वाढवून लिहीन.