अवर्षण आणि क्षार सोसणारे वाण: जनुक बाहेरून आणावे की संकरातून?

पाण्याचा ताण आणि जमिनीतील क्षार हे दोन प्रश्न बहुधा एकाच दमात घेतले जातात, पण वाण घडवण्याची पद्धत निवडायची असेल तर ते वेगळे करूनच पाहावेत, कारण जनुकीय अभियांत्रिकीचे पारडे दोन्हीकडे सारखे झुकत नाही.

क्षारपड जमिनीत पिकाला दुहेरी त्रास होतो: मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पुढे सोडियम पानांत साठून पेशींना अपाय करतो. यातील दुसऱ्या त्रासावर एकेकटे जनुकही परिणामकारक ठरते. २००१ मध्ये झांग आणि ब्लुमवाल्ड यांनी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीचे, सोडियमला पेशीतील रिक्तिकेत (साठवणीच्या पोकळीत) कोंडणारे जनुक टोमॅटोत अधिक सक्रिय केले, तेव्हा ती झाडे २०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यावर फळली आणि मीठ फळांत न उतरता मुख्यतः पानांत राहिले. हा परिणाम विलक्षण होता. तरी शेतात ठरेल असा पुरावा मला संकराच्या बाजूने अधिक भक्कम वाटतो. ट्रिटिकम मोनोकॉकम या गव्हाच्या प्राचीन नातलगाकडून केवळ संकराने आणलेल्या, सोडियमला मुळांतच अडवणाऱ्या जनुकामुळे ड्युरम गव्हाचे खाऱ्या जमिनीतील उत्पादन २५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भातात पोक्काली या क्षारसहिष्णू वाणातील 'साल्टॉल' हा गुणसूत्रखंड मार्करच्या (हवा तो खंड रोपात आला की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएवरील खुणेच्या) साहाय्याने इतर वाणांत उतरवला जातो, मात्र त्याचे संरक्षण मुख्यतः रोपावस्थेपुरते असते आणि फुलोऱ्याच्या वेळी त्यावर विसंबता येत नाही.

अवर्षणाचे तसे नाही. ताण उगवणीच्या वेळी आला की दाणे भरताना, यावर झाडाची गरज बदलते आणि एका जनुकाने ती भागत नाही. ताणाला तोंड देणारी इतर जनुके चालू करणारे 'ड्रेब१ए' जनुक अरॅबिडॉप्सिसमध्ये सतत चालू ठेवले तेव्हा झाडे खुजी झाली. ताण आल्यावरच चालू होईल अशी योजना केल्यावर हा दोष बराच कमी झाला. बॅसिलस सब्टिलिस जिवाणूचे जनुक असलेल्या मक्याला अमेरिकेने २०११ मध्ये मोकळीक दिली, पण त्याचा फायदा मध्यम ताणापुरताच होता, आणि त्याच सुमारास निव्वळ निवड-पैदाशीतून आलेले अवर्षणसहिष्णू मक्याचे वाणही बाजारात होते. सूर्यफुलाचे जनुक असलेल्या गव्हाला अर्जेंटिनाने २०२० मध्ये मंजुरी दिली, तीही मोठा ग्राहक असलेल्या ब्राझीलच्या संमतीवर अवलंबून. म्हणून निर्यातीचे पीक असेल तर खरेदीदार देशाचा नियम आधी तपासावा.

जनुक-संपादनाचा, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याचा, मार्ग या दोहोंच्या मधला आहे. भारताने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या 'पुसा डीएसटी राइस १' या वाणात परके जनुक नाही. एमटीयू १०१० या भाताच्या प्रचलित वाणातील, अवर्षण व क्षार सोसण्याशी निगडित डीएसटी हे एकच जनुक संपादित केलेले आहे, आणि अशा वाणांना २०२२ पासून परजनुकीय पिकांच्या कठोर नियमांतून सूट आहे.

माझा कल स्पष्ट आहे: पिकाच्या नातलगांत सहनशील जनुक सापडत असेल तर मार्करसह संकर करावा, पिकात आधीच असलेले एखादे जनुक निष्क्रिय करून काम भागत असेल तर संपादन करावे, आणि परके जनुक या दोन्ही वाटा बंद असतील तेव्हाच आणावे. त्याआधी जमिनीच्या अर्काची विद्युतवाहकता (जितके क्षार अधिक तितकी ती जास्त) मात्र मोजून घ्यावी. भाताचे उत्पादन सुमारे ३ डेसिसायमन्स प्रति मीटरच्या पुढे घटू लागते, तर जव सुमारे ८ पर्यंत तग धरतो, त्यामुळे मोजणी या दोन आकड्यांच्या मध्ये आली तर वाण बदलण्यापेक्षा पीक बदलणे अधिक लाभाचे असू शकते.