एमवायपी की आयजीसीएसई, डीपी की ए लेव्हल: आंतरराष्ट्रीय माध्यमिक शाळा निवडताना

नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच शाळा सीबीएसई शिकवतात. त्यामुळे प्रवेशाची चौकशी करण्याआधी शाळेला नेमकी कशाची मान्यता आहे ते पाहा. आयबी (इंटरनॅशनल बॅकलोरिएट) या संस्थेच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधता येतं. प्राथमिक, एमवायपी (सहावी ते दहावी) आणि डीपी (अकरावी-बारावीचा डिप्लोमा) या तिच्या कार्यक्रमांची मान्यता वेगवेगळी असते, आणि नावापुढे ‘कँडिडेट’ असेल तर ती अजून मिळालेली नाही. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या शाळेला केंद्र क्रमांक असतो, तो विचारून घ्या. पाचवीपर्यंत आयबी, नववी-दहावीला केंब्रिजची आयजीसीएसई आणि पुढे डीपी अशी सरमिसळही सर्रास दिसते. तिला एक ठोस कारण आहे, ते पुढे येईलच.

प्रवेश सहावी ते आठवीत घेतला जातो, पण निर्णय दहावीकडून मागे येत घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. दहावीनंतर मूल त्याच शाळेत राहणार, ज्युनिअर कॉलेजला जाणार, की परदेशी शिकायला जाणार? उत्तर नक्की नसेल, आणि बाराव्या वर्षी ते कुणाचंच नक्की नसतं, तर तिन्ही दारं उघडी ठेवणारी शाळा घ्या.

दहावीपर्यंत: आयजीसीएसई आणि एमवायपी

आयजीसीएसई म्हणजे नववी-दहावीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेवटी केंब्रिजने तपासलेली परीक्षा. मुलं साधारण सात ते नऊ विषय घेतात. एसएससी किंवा आयसीएसईतून यायचं असेल तर आठवीत किंवा नववीच्या सुरुवातीला यावं. दहावीत आलेल्या मुलाला दोन वर्षांचा भाग एका वर्षात उरकावा लागतो.

एमवायपी पाच वर्षांचा आहे, सहावी ते दहावी. प्रत्येक विषयात चार निकष, प्रत्येकी 8 गुण, एकूण 32. त्यावरून 1 ते 7 अशी श्रेणी. प्रकल्प आणि लेखन भरपूर. ज्या मुलाला प्रश्न विचारायला आणि लिहायला आवडतं ते इथे खरोखर फुलतं. शेवटच्या वर्षी स्वतः निवडलेला मोठा वैयक्तिक प्रकल्प असतो, आणि त्याचे गुण आयबी पडताळते.

अडचण येते ती दहावीच्या शेवटी. एमवायपीची संगणकावरची बाह्य परीक्षा आयबीने ऐच्छिक ठेवली आहे. शाळेने ती घेतली तर आठ घटकांचे मिळून 56 गुण असतात आणि प्रमाणपत्राला किमान 28 लागतात. घेतली नाही, तर मुलाच्या हाती शाळेचं स्वतःचं निकालपत्र येतं. त्यावर ज्युनिअर कॉलेजचा प्रवेश मिळवताना समकक्षतेचा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच अनेक आयबी शाळा नववीला आयजीसीएसईकडे वळतात. एमवायपी पूर्ण चालवणाऱ्या शाळेला थेट विचारा: दहावीला बाह्य परीक्षा आहे का, किती विषयांची, आणि गेल्या वर्षी किती मुलं बसली?

आयजीसीएसईत तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पालक इथेच सर्वात जास्त फसतात. गणितात ‘कोअर’ आणि ‘एक्सटेंडेड’ असे दोन स्तर आहेत. कोअरला बसलेल्या मुलाला जास्तीत जास्त सी मिळू शकतो, पेपर कितीही चांगला लिहिला तरी. विज्ञानाचे तीन पर्याय: कंबाइंड सायन्स, ज्यात तिन्ही शास्त्रं मिळून एकाच विषयाची श्रेणी, को-ऑर्डिनेटेड, ज्यात दोन विषयांची, आणि स्वतंत्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र. मूल पुढे विज्ञानाकडे जाण्याची थोडीही शक्यता असेल तर स्वतंत्र विषय, निदान को-ऑर्डिनेटेड. कंबाइंडवरून डीपीच्या एचएल (हायर लेव्हल) भौतिकशास्त्राला गेलेल्या मुलाचे अकरावीचे पहिले महिने राहिलेला भाग भरून काढण्यात जातात.

प्रयोगांचंही नीट विचारा. आयजीसीएसई विज्ञानात शाळेला निवड असते: प्रयोगशाळेतली प्रत्यक्ष परीक्षा म्हणजे पेपर 5, किंवा प्रयोगांवरचा लेखी पेपर 6. पेपर 6 घेणं सोपं आणि स्वस्त पडतं, म्हणून बऱ्याच शाळा तोच घेतात. त्यात गैर काही नाही, पण काही ठिकाणी त्यामुळे मुलांच्या हाती ब्युरेट क्वचितच येतं. ए लेव्हल या केंब्रिजच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात विज्ञानाचा पेपर 3 प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, लेखी पर्याय नाही. तेव्हा प्रयोगशाळा दाखवताना ‘आठवड्यात किती तास?’ हे विचारा आणि मुलांच्या प्रयोगवह्या उघडून पाहा.

अकरावी-बारावी: ए लेव्हल आणि डीपी

ए लेव्हलला तीन किंवा चार विषय, खोलवर. पहिल्या वर्षाअखेर एएस ही अर्धी पायरी, दुसऱ्या वर्षाअखेर पूर्ण ए लेव्हल. एका विषयात जीव ओतणाऱ्या आणि बाकीचे विषय नकोसे झालेल्या मुलाला हे मानवतं.

डीपीला सहा विषय: सहसा तीन हायर लेव्हलला, सुमारे 240 तासांचे, आणि तीन स्टँडर्डला, सुमारे 150 तासांचे. प्रत्येकी 7 प्रमाणे 42, आणि टीओके (ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास) व एक्सटेंडेड एसे (दीर्घ संशोधनपर निबंध) मिळून 3, असे एकूण 45. डिप्लोमाला किमान 24 गुण आणि इतर काही अटी. एसेची मर्यादा 4000 शब्द. शिवाय कॅस (सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा) हा उपक्रम, त्याला गुण नाहीत पण तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा नाही. मुलं कोलमडतात ती विषय अवघड असल्यामुळे कमी आणि बारावीच्या सुरुवातीला सगळ्या विषयांचे अंतर्गत प्रकल्प, एसेचा मसुदा आणि विद्यापीठांचे अर्ज एकाच वेळी अंगावर आल्यामुळे जास्त. चांगली शाळा या मुदती वर्षभरात पसरवते. तिचं मुदतींचं वेळापत्रक मागून घ्या; ते नसेल तर दुसरी शाळा पाहा.

गणिताची निवड डीपीत निर्णायक आहे. 2019 पासून ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ आणि ‘अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ असे दोन प्रवाह आहेत. अभियांत्रिकी किंवा अर्थशास्त्र मनात असेल तर पहिला, शक्यतो एचएलला. दुसऱ्या प्रवाहाचं स्टँडर्ड घेतल्यास परदेशातलीसुद्धा अनेक अभियांत्रिकी दारं बंद होतात.

डीपीची वाट दहावीनंतरही धरता येते, हेही लक्षात असू द्या. पौडजवळचं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज 1997 पासून डीपीची दोन निवासी वर्षंच चालवतं. म्हणजे डीपी हवा म्हणून सहावीपासून आयबीत असायलाच हवं असं नाही.

मूल भारतातच राहणार असेल तर

एआययू (भारतीय विद्यापीठांचा महासंघ) आयजीसीएसईला दहावीशी, ए लेव्हल आणि डीपीला बारावीशी समकक्ष मानते, पण विषयसंख्या आणि श्रेणीच्या अटींसह. दाराशी अडवतात ते बारकावे.

नीटला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर इंग्रजीही लागतं. ए लेव्हलला फक्त तीन शास्त्रं घेतलेल्या मुलाकडे बारावीचं इंग्रजी उरत नाही. ते एएसला घेऊन ठेवावं लागतं, तेही अकरावीतच आठवणीने. डीपीत अडचण उलटी. प्रत्येक गटातून एक विषय अशा सहा गटांच्या रचनेत कला गटाच्या जागी फार तर दुसरं विज्ञान घेता येतं, म्हणून नेहमीच्या डिप्लोमात तिन्ही शास्त्रं बसत नाहीत. त्यासाठी शाळेमार्फत आयबीची वेगळी मंजुरी घ्यावी लागते, आणि ती विद्यापीठाच्या अटीचा पुरावा दाखवून. शाळेने हे पूर्वी केलेलं आहे का, ते विचारा.

एमएचटी-सीईटीचा पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असतो, 20 टक्के अकरावीचा आणि 80 टक्के बारावीचा. जेईईचं गणित डीपीच्या गणिताहून वेगळ्या धाटणीचं, वेगावर बेतलेलं. डीपी सांभाळून जेईईची पूर्ण तयारी करणारं मूल क्वचितच दिसतं. आयआयटी किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय हेच ध्येय असेल, तर आयजीसीएसई करून अकरावीला राज्य मंडळ किंवा सीबीएसईकडे जाणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं.

निकालाची तारीखही पाहा. केंब्रिज भारतात मार्चचं सत्रही घेतं, त्याचा निकाल मेमध्ये लागतो, पण सगळे विषय त्या सत्रात नसतात. मे-जून सत्राचा निकाल ऑगस्टमध्ये येतो, तोपर्यंत अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाच्या बऱ्याच फेऱ्या होऊन गेलेल्या असतात आणि आयआयटीचं समुपदेशनही आटोपलेलं असतं. डीपीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो.

मराठीचं काय

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. शिकवण्याची पातळी मात्र शाळेगणिक बदलते, तेव्हा सातवी-आठवीची वही मागून पाहा. डीपीत एक सुंदर सोय आहे आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते: शाळेने पाठबळ दिल्यास मूल मातृभाषेतलं साहित्य स्वयंअध्ययनाने स्टँडर्ड लेव्हलला घेऊ शकतं. मराठीसाठीही शाळेला हे विचारता येतं, फक्त अकरावी सुरू होण्याच्या बरंच आधी. इंग्रजीही साहित्याच्या त्याच गटात असेल आणि दोन्हींत किमान 3 मिळाले, तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. घरात मराठी वाचली जात असेल तर हा पर्याय सोडू नका.

पैसे

सहावीचं शुल्क पाहून निर्णय घेऊ नका, बारावीचं पाहा. समजा सहावीला वर्षाला 4 लाख आहेत आणि दरवर्षी 10 टक्के वाढ झाली. बारावीला ते सुमारे 7.1 लाख होतात आणि सात वर्षांची बेरीज जवळपास 38 लाख. यात बस, लॅपटॉप, सहली आणि बोर्डाचं परीक्षा शुल्क नाही. अकरावीला पुन्हा प्रवेश शुल्क आकारतात का आणि अनामत कधी परत मिळते, हे लेखी घ्या. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शुल्क ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची भूमिका असते. शेवटच्या शुल्कवाढीला त्या समितीने कधी मंजुरी दिली, ते शाळेला विचारा.

शाळा पाहायला गेल्यावर

टॉपरचे फलक सगळीकडे असतात. मागायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत किती मुलं बसली, सरासरी किती, आणि किती मुलांना डिप्लोमा मिळाला. डीपीची जागतिक सरासरी 30 च्या आसपास असते, तिच्याशी ताडून पाहा. बारा मुलांची 38 सरासरी आणि नव्वद मुलांची 34 यांत दुसरी शाळा कदाचित जास्त चांगलं शिकवत असेल. परदेशी अर्ज शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर जातात, म्हणून वर्तवलेले आणि प्रत्यक्ष गुण यांत साधारण किती फरक पडतो तेही विचारा. नेहमी तीन-चार गुण फुगवणाऱ्या शाळेतल्या मुलांच्या अटींवर मिळालेल्या जागा जुलैत हातच्या जातात.

शेवटी विषयांच्या गटांचा तक्ता मागा, म्हणजे कोणते विषय एकाच तासाला येतात ते. माहितीपत्रकात वीस विषय असतात, पण अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र एकाच तासाला असतील तर मुलाला त्यातला एकच मिळतो. आणि एचएल भौतिकशास्त्र कोण शिकवतं, किती वर्षांपासून शिकवतं, हे शाळा दाखवणाऱ्याला न विचारता अकरावीतल्या मुलांना विचारा.