दहा लिटर की अठरा लिटर? छोट्या कॅबिनेटमधली हवा आणि शांतता

टेबलावर मावेल असा छोटा डेस्कटॉप बांधायचा ठरलं की बहुतेकजण आधी कॅबिनेट पसंत करतात आणि मग त्यात बसेल ते सामान शोधत फिरतात. शांत संगणक हवा असेल तर हा क्रम उलटा करा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून किती वॅट ओढणार, हे आधी कागदावर लिहा. तेवढी उष्णता फारसा आवाज न करता कोणत्या कॅबिनेटमधून बाहेर पडेल, हे त्यानंतर बघा.

मी इथे दोन कॅबिनेट शेजारी शेजारी ठेवतो. एक फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा, १०.४ लिटर आकारमानाचं. दुसरं कूलर मास्टरचं एनआर२००पी, १८.२५ लिटरचं. दोन्हींत १७० बाय १७० मिमीचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड बसतो आणि दोन्हींसाठी एसएफएक्स या लहान आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेणं सोयीचं. पण आत हवा फिरते ती अगदी वेगळ्या वाटांनी, आणि निवड त्या वाटांवरच करायची आहे.

टेराची मांडणी सँडविचसारखी. मधोमध एक कणा, त्याच्या एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, दोघं पाठीला पाठ लावून. त्यांना जोडते ती रायझर केबल. एनआर२००पी म्हणजे मोठ्या टॉवर कॅबिनेटचीच लहान आवृत्ती: मदरबोर्ड उभा, कार्ड त्यात थेट खोचलेलं, वर दोन, खाली दोन आणि मागे एक अशी पंख्यांची जागा.

आवाज कुठून येतो

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट वाटते, म्हणजे दुप्पट हवेसाठी दुपटीहून बराच जास्त गोंगाट पदरात पडतो. उलट त्याच वेगाचा आणखी एक पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणं केव्हाही बरं. आणि दोन मोठे पंखे बसवायचे तर जागा लागते. लिटरचा आकडा शांततेला भिडतो तो इथे.

आता हवा किती लागते ते बघू. ३०० वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर ताशी सुमारे ९० घनमीटर हवा कॅबिनेटमधून वाहायला हवी. २०० वॅटला ६० घनमीटर पुरते. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिमीचा नावाजलेला पंखा मिनिटाला २,००० फेऱ्यांना ताशी १०२ घनमीटर हवा देतो, म्हणजे १,००० फेऱ्यांना साधारण ५१. पण हे आकडे मोकळ्या हवेतले. समोर जाळी, फिल्टर, हीटसिंक (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या), वायरींचा गुंता आला की प्रत्यक्षात मिळणारी हवा बरीच घटते. ३०० वॅटचा संगणक एकट्या पंख्यावर शांत राहणार नाही, हे एवढ्यावरूनच दिसतं.

टेरा: जागेची वाटणी

टेरातला कणा सरकवता येतो आणि या कॅबिनेटचं सगळं राजकारण त्या कण्यात आहे. प्रोसेसरच्या कूलरला ४८ ते ७७ मिमी उंची मिळते, कार्डाला ४३ ते ७२ मिमी जाडी. दोन्हींची बेरीज १२०. एकाला दिलेला मिलिमीटर दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो. नॉक्टुआचा ७० मिमी उंचीचा एनएच-एल१२एस घेतला तर कार्डाला ५० मिमी उरतात, त्यात दोन स्लॉटचं, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या दोन खाचांएवढी जाडी असलेलं, कार्ड सुखाने बसतं. तीन स्लॉटचं जाडजूड कार्ड हवं असेल तर कूलर ५५-५८ मिमीच्या आत शोधावा लागतो. एवढ्या बुटक्या कूलरवर बहुधा ९२ मिमीचा पंखा असतो आणि तो तेवढ्याच हवेसाठी जास्त वेगाने फिरतो.

टेराची एक बाजू मात्र मला मनापासून आवडते. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही बाजूच्या जाळीतून थेट बाहेरची ताजी हवा मिळते. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जात नाही. कार्डाचे पंखे जाळीला लागून असल्यामुळे एवढ्याशा डब्यातही कार्ड चांगलं थंड राहतं. अडचण येते ती प्रोसेसरची.

बुटक्या कूलरचा पंखा आणि बाजूची जाळी यांतलं अंतर इथे फार महत्त्वाचं. अंतर जास्त राहिलं तर हीटसिंकमधून निघालेली गरम हवा वळून पुन्हा पंख्यातच शिरते. अंतर नावापुरतंच राहिलं तर पाती जाळीच्या भोकांजवळून जाताना बारीक शीळ घुमते. ती शीळ डेसिबलमध्ये फार मोठी नसते, पण कानाला टोचते. यावर साधा उपाय आहे: पंख्याच्या कडेने फोमची कडी कापून चिकटवायची. पंखा जाळीपासून ५ ते १० मिमी लांब राहतो, मधली फट बंद होते, आणि पंखा फक्त बाहेरची हवा ओढतो. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातली फोमची शीट यासाठी पुरते. छोट्या कॅबिनेटमध्ये इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

कॉइलच्या किणकिणाटाबद्दलही सांगायला हवं. ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइल (तारेची वेटोळी) जोरात काम करताना किणकिणतात. हा आवाज पंख्याचा नाही, त्यामुळे पंखा कितीही सावकाश केला तरी तो जात नाही. टेरात कार्ड आणि तुमचा कान यांच्यामध्ये फक्त एक जाळी असते. गेममध्ये फ्रेम दर सेकंदाला १२० वा त्याहून कमीवर बांधून टाकले आणि कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवलं तर किणकिणाट बराच निवळतो.

एनआर२००पी: उंच कूलर, मोकळे पंखे

इथे कूलरला १५५ मिमी उंची मिळते. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई नेमका १५५ मिमीचा आहे, तो बसतो. नॉक्टुआचा प्रसिद्ध एनएच-यू१२एस १५८ मिमीचा, तो बसत नाही. तीन मिलिमीटरसाठी बाजूचं झाकण लागत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी उंचीचा आकडा दोनदा वाचा. पीअरलेस असॅसिनसारखा दोन मनोऱ्यांचा, म्हणजे दोन उभ्या हीटसिंकचा, कूलर मिळाला की ६५ वॅट वर्गातल्या प्रोसेसरचा पंखा ७००-८०० फेऱ्यांवर निवांत फिरत राहतो, आणि एवढ्या वेगाला तो हातभर अंतरावरूनही जाणवत नाही.

हवेची दिशा सोपी ठेवा: खालून आत, वरून बाहेर. खालचे दोन पंखे कार्डाला सरळ ताजी हवा देतात. कार्ड दोन स्लॉटचं असेल तर खाली २५ मिमी जाडीचे नेहमीचे पंखे मावतात. जाड कार्डाखाली १५ मिमीचे पातळ पंखे लावावे लागतात आणि ते जरा जास्त गुणगुणतात. मागे ९२ मिमीच्या पंख्याची जागा आहे. ती मी रिकामी ठेवतो, कारण लहान पंखा सगळ्यांत आधी ऐकू येतो आणि वरचे दोन १२० मिमीचे पंखे असताना त्याची गरज पडत नाही.

या कॅबिनेटबरोबर काचेचं झाकणही येतं. दिसायला सुरेख, पण काच लावली की बाजूची हवा बंद. शांतता हवी असेल तर जाळीचं झाकण लावा आणि काच कपाटात ठेवून द्या.

पाण्याच्या कूलिंगचा प्रश्न हमखास विचारला जातो. एनआर२००पीत बाजूला २८० मिमीचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) बसतो. टेरात २४० मिमीचाही बसत नाही. मोठ्या रेडिएटरवर पंखे सावकाश फिरतात हे खरं, पण पंपाची घरघर मात्र चोवीस तास चालू, संगणक नुसता बसून असतानाही. शिवाय काही वर्षांनी आतला द्रव हळूहळू कमी होतो आणि पंप कुरकुरायला लागतो. पंखा बिघडला तर बदलता येतो, पंप बिघडला तर सगळा संचच बदलावा लागतो. १२० वॅटच्या वरचा प्रोसेसर दिवसभर पूर्ण भाराने चालवणार असाल तरच त्या वाटेला जा.

मे महिन्यासाठी निवड करा

परदेशी चाचण्या बहुतेकदा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कूलरमुळे न हटणारी वाढ. खोली १६ अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. चाचणीत ७४ अंश दाखवणारा प्रोसेसर अकोल्यात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ९० वर जाईल. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, त्यातल्या ७८००एक्स३डीची तर ८९ अंश. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पण त्याआधी पंखा जीव तोडून फिरायला लागतो.

माझ्या नागपूरच्या भाच्याने दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये असाच एक तापट प्रोसेसर घातला होता. हिवाळ्यात सगळं छान चाललं. एप्रिल लागला आणि त्याचा फोन आला, ‘मामा, मिक्सर लावल्यासारखा आवाज येतोय.’ आम्ही नवीन काही विकत घेतलं नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा, कमी वीज खाणारा इको मोड चालू केला, कार्डाची वीजमर्यादा खाली आणली, पंख्याला उशिरा प्रतिसाद द्यायला लावला. खेळताना त्याला फरक जाणवला नाही आणि आवाज उतरला. शेवटच्या काही टक्के वेगासाठी चिप वीज फार खाते, तेवढी सोडून दिली की उष्णता झपाट्याने कमी होते.

विदर्भात खोलीत पाण्याचा कूलर असतो. त्याच्या झोतात संगणक ठेवू नका. हवा गार असते, पण त्यात बारीक तुषार आणि क्षार येतात आणि ते हीटसिंकवर साचतात. कूलर एका कोपऱ्यात, संगणक दुसऱ्या कोपऱ्यात.

आपल्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि ती निवड सोपी करते. मे महिन्यात छताचा पंखा पाचवर फिरत असतो आणि त्या आवाजात संगणक बुडून जातो. कान टवकारतात ते डिसेंबरच्या रात्री, पंखा बंद आणि गल्ली शांत असताना. पण तेव्हा खोली २० अंशांवर असते आणि संगणकालाही फार फिरावं लागत नाही. म्हणजे उष्णतेची परीक्षा उन्हाळ्यात, शांततेची हिवाळ्यात, दोन्ही एकाच दिवशी सहसा येत नाहीत. अपवाद एसी लावून काम करणाऱ्यांचा आणि आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांचा. मायक्रोफोन समोर असेल तर सरळ अठरा लिटर घ्या.

धुळीच्या बाबतीतही दोघांत फरक आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते. एनआर२००पीत खालचे पंखे वरच्यांपेक्षा जरा जास्त वेगाने लावले की हे साधतं. टेरात हवा बाजूने सरळ हीटसिंकवर येते, म्हणून धूळही तिथेच जाऊन बसते. शेजारी बांधकाम चालू असलेल्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये महिन्या-दीड महिन्यात ब्रश फिरवावा लागतो. झाकणं पटकन निघतात, त्यामुळे हे काम जिकिरीचं नाही, पण करावं मात्र लागतं.

कोणी काय घ्यावं

रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण भारात ८८ वॅटपर्यंत जातो. सोबत ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं तर बेरीज सुमारे २०० वॅट. या जोडीला टेरा शोभतं, शांतही राहतं, आणि टेबलावर पुस्तकांच्या छोट्या चळतीएवढी जागा घेतं. ऑफिसचं काम, कोडिंग, फोटो, संध्याकाळी थोडा गेम, एवढं असेल तर मी हेच घेईन.

कार्ड २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० च्या वर्गातलं असेल, किंवा तासन्‌तास रेंडरिंग चालणार असेल, तर एनआर२००पी. ३०० वॅट टेरातही मावतात, पण रोज पंख्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. या दोन्हींच्या मधे असाल आणि घराला उन्हाळ्यात एसी नसेल, तर मोठ्या कॅबिनेटकडे झुका.

कोणतंही घेतलं तरी पहिल्या दिवशी दोन कामं करा. बायोसमध्ये पंख्याच्या वेगाला काही सेकंदांचा विलंब लावा, कारण ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणभर उडी मारतं आणि पंखा उगाच घूंऽ करून परत बसतो. एकसारखा मंद आवाज कान विसरून जातो, चढउतार विसरत नाही. दुसरं, कॅबिनेट भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा आणि खाली टेबलक्लॉथ असेल तर काढून टाका. एनआर२००पीचे खालचे पंखे कापड ओढून घेतात आणि मग कार्ड कितीही चांगलं असलं तरी गुदमरतं.