आयर्लंडच्या 1901 आणि 1911च्या जनगणनेची पत्रके: एक परीक्षण

आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 1901 आणि 1911च्या जनगणनेची मूळ पत्रके संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली आहेत. घराण्याचा वा गावाचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी ही सेवा अनमोल आहे. कारण 1821 ते 1851ची बहुतेक पत्रके 1922मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत गेली, 1861 आणि 1871ची सरकारनेच नष्ट केली आणि 1881 व 1891ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली.

शोधसूचीवर न थांबता पत्रकाची प्रतिमा उघडावीच. पत्रक कुटुंबप्रमुखाने भरायचे असल्याने खाली त्याची सही, किंवा लिहिता येत नसल्यास फुली दिसते. नाव, नाते, धर्म, वय, व्यवसाय, जन्मस्थान, साक्षरता, आयरिश भाषेचे ज्ञान असे सारे एका पानावर मिळते. 1911मध्ये विवाहित स्त्रियांना किती मुले जन्मली आणि किती हयात आहेत, हेही विचारले होते. त्या दोन आकड्यांमधला फरक वाचून जीव हळहळतो.

स्थानिक इतिहासासाठी गणना करणाऱ्या पोलिसांनी भरलेले घरांचे पत्रक मला अधिक मोलाचे वाटते. भिंती, छप्पर, खोल्या आणि दर्शनी खिडक्या यांवरून घराची प्रत ठरे, आणि गोठा, डुकरांचा खुराडा यांचीही वेगळी नोंद असे. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर 1911मध्ये 15 घरांत 835 माणसे राहत होती. त्यांपैकी 7 क्रमांकाच्या एकाच घरात 19 कुटुंबांतली 104 माणसे होती. एकेकाळच्या उमरावांच्या वाड्यांची ही दशा अशा पत्रकांमुळेच नेमकी कळते.

वयाच्या रकान्यावर मात्र विसंबू नये. 1909पासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि सार्वत्रिक जन्मनोंदणी 1864मध्येच सुरू झाली असल्याने वृद्धांकडे वयाचा पुरावा नसे. त्यामुळे दोन गणनांमधल्या दहा वर्षांत पंधरा वर्षांनी थोराड झालेली माणसे भेटतात. म्हणून दोन्ही पत्रके शेजारी ठेवूनच वाचावीत.

जुन्या हस्ताक्षरावरून केलेल्या सूचीत नावे चुकीची उतरलेली असू शकतात. नाव सापडले नाही, तर परगणा, निवडणूक विभाग आणि टाउनलँड (जमिनीचा सर्वांत लहान विभाग) या क्रमाने उतरत जाऊन एकेक घर पाहावे. वेळ लागतो, पण शेजारपाजारही ओळखीचा होतो.